आकडे कुठून आले, ते आधी सांगा

दहा रुग्ण, झोपेची दोन औषधे आणि त्यातून निघालेले वीस आकडे. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या कॅलामझू गावच्या मनोरुग्णालयात ही औषधे देऊन पाहिली होती, आणि आर्थर कुश्नी व रॉय पीबल्स या संशोधकांनी १९०५ साली त्या नोंदी प्रसिद्ध केल्या. औषधाविना रुग्ण जेवढा झोपतो त्यापेक्षा औषध घेतल्यावर किती तास जास्त झोपला, एवढेच मोजलेले. पहिल्या औषधाचे आकडे असे: ०.७, उणे १.६, उणे ०.२, उणे १.२, उणे ०.१, ३.४, ३.७, ०.८, ०, २.०. दुसऱ्याचे: १.९, ०.८, १.१, ०.१, उणे ०.१, ४.४, ५.५, १.६, ४.६, ३.४. पहिल्याची सरासरी पाऊण तास, दुसऱ्याची २.३३ तास.

दुसरे औषध दीड तासाहूनही थोडी जास्त झोप देते, असे वरवर पाहता वाटते. पण माणसे दहाच, हा फरक निव्वळ योगायोगाचाही असू शकेल. ते तपासायला जगभरचे विद्यार्थी टी-टेस्ट लावतात, आणि ती दोन तऱ्हांनी लावता येते. पहिल्या तऱ्हेने गणित केले की उत्तर येते: औषधांत काहीच फरक नसता, तरी एवढी किंवा याहून मोठी तफावत साधारण बारा-तेरा वेळांत एकदा दिसलीच असती. संशोधनातला रूढ निकष विसात एकदाचा, म्हणजे पुरावा अपुरा. दुसऱ्या तऱ्हेने तेच आकडे घेतले की उत्तर येते: साधारण साडेतीनशे वेळांत एकदा. म्हणजे पुरावा भक्कम.

आकडा एकही बदललेला नाही आणि निकाल उलटा. हे प्रथम पाहणाऱ्याला वाटते, आपण कुठेतरी चुकीचे बटण दाबले. तसे काही झालेले नसते. दोन्ही गणिते बिनचूक आहेत. त्यांतले इथे लागू पडणारे कोणते, हे त्या वीस आकड्यांत कुठेही लिहिलेले नाही. मला संख्याशास्त्रातली सगळ्यात विलक्षण गोष्ट हीच वाटते.

उत्तर त्या रुग्णालयात आहे. दोन्ही औषधे त्याच दहा जणांनी घेतली होती. पहिल्या यादीतला सहावा माणूस आणि दुसऱ्या यादीतला सहावा माणूस एकच. एकाच औषधाने कोणी ३.७ तास जास्त झोपतो, तर कोणाची झोप १.६ तासांनी घटते, इतकी माणसामाणसांत तफावत. दोन्ही याद्या सुट्या धरल्या की औषधांमधला फरक या तफावतीत बुडून जातो. पण प्रत्येक माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच केली, तर ती तफावत वजा होते. करून पाहा वजाबाकी: १.२, २.४, १.३, १.३, ०, १.०, १.८, ०.८, ४.६, १.४. उणे आकडा एकही नाही. नऊ जणांना दुसऱ्या औषधाने जास्त झोप लागली, एकाला दोन्हींनी सारखीच.

इथे तर संगणकाचीही गरज उरत नाही. औषधांत फरक नसता, तर कोणाला कोणते जास्त लागू पडले हे नाणे उडवून ठरवल्यासारखे झाले असते. नऊच्या नऊ वेळा छापच पडण्याची शक्यता ५१२ मध्ये एक. नऊही छाप किंवा नऊही काटा, असे म्हटले तर २५६ मध्ये एक. तास-मिनिटे सगळी फेकून दिली आणि फक्त कुणीकडे झुकले एवढेच पाहिले, तरी पुरावा जवळजवळ तितकाच बोलका राहतो. उलट याच वीस नोंदी वीस वेगवेगळ्या माणसांच्या असत्या, तर पहिले, कचखाऊ उत्तरच बरोबर ठरले असते.

अजून एक पाहण्यासारखे आहे. नवव्या रुग्णाला पहिल्या औषधाने काडीचा फरक पडला नाही आणि दुसऱ्याने तो ४.६ तास जास्त झोपला. पहिल्याच्या तुलनेत दुसऱ्या औषधाचा सगळ्यात मोठा गुण त्याला आला. त्याला बाजूला ठेवून गणित केले, तर सरासरी फरक १.५८ तासांवरून १.२४ वर उतरतो. मग पुरावा लंगडा पडायला हवा. होते उलटेच: टी-टेस्टमधल्या ‘टी’ची किंमत (ती जितकी मोठी, तितका पुरावा भक्कम) ४.०६ वरून ५.६६ वर चढते. कारण उरलेल्या नऊ जणांचे फरक एकमेकांच्या बरेच जवळ आहेत. फरक मोठा आहे का, एवढेच टी विचारत नाही. तो माणसागणिक किती सारखा आहे, हेही विचारते. (म्हणून नवव्याला गाळायचे असे मुळीच नाही. तोही त्याच रुग्णालयातला हाडामांसाचा माणूस होता.)

हे आकडे अजरामर केले ते विल्यम सीली गॉसेट यांनी. ते १८९९ पासून डब्लिनच्या गिनेस या बिअरच्या कारखान्यात नोकरीला होते. बार्लीचे वाण तोलायचे, हॉप्सची प्रत तपासायची, आणि नमुने हाताशी मोजकेच. त्या काळचे संख्याशास्त्र शेकडो नमुने हाताशी आहेत असे धरून चालायचे. गॉसेट १९०६-०७ मध्ये लंडनला संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या प्रयोगशाळेत राहिले आणि थोड्या नमुन्यांचे गणित त्यांनी मांडले. कंपनी नोकरांना स्वतःच्या नावाने लिहू देत नसे, म्हणून १९०८ साली ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकात तो निबंध ‘स्टुडंट’ या टोपणनावाने आला. त्यातले पहिले उदाहरण होते कॅलामझूच्या या दहा रुग्णांचे.

आता आपल्याकडे येऊ. प्रकल्प सादर करायला महिना उरलेला असतो, एक्सेलची फाइल भरलेली असते, आणि विद्यार्थी गाईडच्या केबिनमध्ये येऊन विचारतो, “सर, कोणती टेस्ट लावू?” एम.एस्सी. असो, नर्सिंग असो, एम.एस.डब्ल्यू. असो, प्रश्न हाच. प्रश्न रास्त आहे, पण उशिरा विचारलेला आहे. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ साली कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलले, तेव्हा त्यांनी हे फार स्पष्ट सांगितले होते: प्रयोग उरकल्यावर संख्याशास्त्रज्ञाला बोलावले, तर पुष्कळदा तो फक्त शवविच्छेदन करू शकतो, प्रयोग कशाने दगावला एवढे सांगू शकतो.

बी.एड.च्या कृती संशोधनाचेच घ्या. सातवीचा वर्ग, चाळीस मुले. अपूर्णांक शिकवण्याची नवी रीत वापरायची, आधी पूर्व चाचणी घ्यायची, नंतर उत्तर चाचणी. मुलांना संकोच वाटू नये म्हणून छात्राध्यापिका सांगते, पेपरवर नाव लिहू नका. हेतू किती चांगला! पण त्या क्षणी पूर्व चाचणीतली सई आणि उत्तर चाचणीतली सई यांची ताटातूट होते. आता हातात चाळीस जोड्या नाहीत, ऐंशी सुटे पेपर आहेत. मुलामुलांतली मूळची तफावत वजा करायची संधी गेली, आणि ती परत आणणारे सॉफ्टवेअर कोणीही लिहू शकत नाही. प्रत्येक मुलाला एक सांकेतिक क्रमांक दिला असता तर नावही झाकले गेले असते आणि जोडीही टिकली असती. विश्लेषणाची पद्धत त्या वर्गात, कोरे पेपर वाटताना ठरली. केबिनमधल्या चर्चेला फक्त तिचे नाव शोधायचे होते.

म्हणून “कोणती टेस्ट” याच्या आधीचा प्रश्न असा: हे आकडे जन्मले कसे? ते जोडीने आले की सुटे? मोजमाप आहे, क्रम आहे की नुसती शिरगणती? तास, किलो, मिलिमीटर यांची वजाबाकी करता येते, सरासरी काढता येते, तिथे टी-टेस्ट किंवा तीन-चार गट असतील तर अनोव्हा शोभते. पण प्रश्नावलीतले ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’? रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ साली ही पायऱ्यांची पद्धत आणली, आणि आपण सवयीने त्या पायऱ्यांना १ ते ५ आकडे देतो. ‘सहमत’ला ४ आणि ‘असहमत’ला २ दिले, म्हणून सहमत होणारा दुप्पट सहमत होत नाही. पायऱ्यांमधली अंतरे सारखी आहेत असे कोणी मोजून पाहिलेले नाही. क्रमच काय तो खरा. मग क्रमावरच चालणारे गणित घ्यावे. फ्रँक विल्कॉक्सन या रसायनशास्त्रज्ञाने ते १९४५ साली सुचवले, आणि मान व व्हिटनी यांनी १९४७ मध्ये ते पुढे नेले. किमती बाजूला ठेवायच्या, सगळ्यांना एका रांगेत उभे करायचे आणि कोणत्या गटातले लोक रांगेत पुढे आहेत एवढे पाहायचे. दहा-बारा प्रश्नांच्या गुणांची बेरीज करून ती मोजमापासारखी वापरणारेही पुष्कळ आहेत, आणि त्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. पण एकट्या प्रश्नाची सरासरी ३.४७ अशी दोन दशांश स्थळांपर्यंत छापलेली दिसली, की मला वाटते इथे आकड्याला त्याच्या ऐपतीपेक्षा जास्त बोलायला लावले आहे.

शिरगणतीची गोष्ट तर आणखी मजेची. किती जण हो म्हणाले, किती नाही, हे तपासायला कार्ल पिअर्सन यांची १९०० सालची काय-स्क्वेअर चाचणी लावतात. तिच्यात माणसांची संख्या घालायची असते. विद्यार्थी टक्केवारी घालतात, कारण तक्त्यात ती आधीच काढून ठेवलेली असते. काय होते पाहा. दहा जणांपैकी सहा हो आणि चार नाही म्हणाले, तर निम्मे-निम्मेच्या अपेक्षेशी तुलना करून काय-स्क्वेअर येतो ०.४. हजारांपैकी सहाशे हो आणि चारशे नाही म्हणाले, तर येतो ४०. रूढ निकषाची रेषा ३.८४ वर आहे, म्हणजे पहिल्यात काहीच सिद्ध होत नाही आणि दुसऱ्यात शंकेला जागा उरत नाही. आता दोन्हीकडे ६० आणि ४० ही टक्केवारी घाला. दोन्हीकडे उत्तर येते ४, निकषाच्या रेषेच्या जेमतेम वर! दहा माणसे असोत की हजार, गणिताला वाटते शंभर माणसे आली होती.

मुलाखती घेऊन लोक असे का वागतात हे समजून घ्यायचे असेल, तर यातले काहीच नको. तिथे बोलणे पुन्हा पुन्हा वाचून त्यातली सूत्रे हुडकणे हेच विश्लेषण, आणि ते कमी प्रतीचे नाही. पंधरा मुलाखतींचे पाय-चार्ट काढून त्यांना शास्त्रीय बनवायची धडपड मात्र करू नये.

आकडे मोजताना आणखी एक चकवा लागतो: नोंदी किती आणि खरोखर वेगळ्या गोष्टी किती. एका वाफ्याला जीवामृत दिले, शेजारच्याला नाही, आणि प्रत्येक वाफ्यातल्या पन्नास रोपांची उंची मोजली. फाइलमध्ये शंभर ओळी दिसतात. पण जीवामृत पन्नास वेळा दिलेले नाही, एकदाच, एका वाफ्याला दिले आहे. त्या वाफ्याला थोडी जास्त ओल असेल, खाली जुना उकिरडा असेल, तर पन्नासही रोपांना त्याचा लाभ एकदमच मिळणार. रोपे आणखी पाचशे मोजली तरी त्या वाफ्याविषयीच जास्त कळेल, जीवामृताविषयी नाही. स्ट्युअर्ट हर्लबर्ट या पर्यावरण-अभ्यासकाने १९८४ साली १७६ प्रकाशित प्रयोग या नजरेने तपासले. ज्यांनी टेस्ट लावून निष्कर्ष काढले होते, त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांत हीच चूक सापडली. ते काही विद्यार्थी नव्हते. नामांकित नियतकालिकांत लिहिणारे शास्त्रज्ञ होते. चार वाफ्यांना जीवामृत, चार वाफे तसेच, आणि कोणता वाफा कोणाला हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले, एवढे केले तर मोजायची रोपे कमी करूनही प्रयोग कितीतरी जास्त सांगतो.

या टप्प्यावर पां. वा. सुखात्मे यांचे काम डोळ्यांसमोर येते. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ. वि. गो. पानसे यांच्यासोबत त्यांनी शेतीसंशोधकांसाठी लिहिलेल्या सांख्यिकी पुस्तकाचा, १९५४ च्या ‘पानसे-सुखात्मे’चा, उल्लेख कृषी विद्यापीठांतल्या असंख्य प्रबंधांत सापडतो. १९४० च्या दशकात देशाचे धान्योत्पादन कसे मोजावे यावर वाद रंगला होता. पीक कापणी प्रयोगात शेतातला एक तुकडा निवडायचा, तेवढेच पीक कापून मळून तोलायचे आणि त्यावरून एकरी उत्पादनाचा अंदाज करायचा. तुकडा केवढा घ्यावा? कोलकात्यात संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस छोट्या छोट्या पण पुष्कळ तुकड्यांच्या बाजूचे होते. काम झटपट होते, जास्त शेते पाहून होतात. सुखात्मे यांनी दाखवून दिले की छोटे तुकडे उत्पादन फुगवून सांगतात.

कारण इतके साधे आहे की ऐकल्यावर आपल्याला का सुचले नाही असे वाटते. आखलेल्या रेषेवरच एखादे रोप येते. ते आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे? कापणाऱ्याचा विळा बहुधा त्याला आत ओढतो. समजा, चारही बाजूंनी फक्त दोन-दोन सेंटिमीटर जास्त कापले गेले. मीटरभर बाजूचा चौरस मग १.०४ मीटरचा होतो आणि क्षेत्र आठ टक्क्यांनी वाढते. दहा मीटर बाजूचा चौरस १०.०४ मीटरचा होतो आणि क्षेत्र एक टक्काही वाढत नाही. विळा तोच, माणूस तोच. तुकडा जितका लहान, तितकी त्याच्या पोटाच्या मानाने कड मोठी.

आणि आता यातले खरे अचंबित करणारे. असे छोटे तुकडे हजारोंनी कापले, तर सरासरी अधिकाधिक स्थिर होत जाते, चुकीची मर्यादा आक्रसत जाते, आणि संशोधक पूर्ण विश्वासाने आठ टक्के चुकीचे उत्तर देतो. योगायोगाने आलेली चूक जास्त नमुन्यांनी विरते. विळ्याने एकाच दिशेला केलेली चूक कितीही नमुने घेतले तरी तसूभर हलत नाही. कोणतीही टेस्ट ती पकडू शकत नाही, कारण टेस्टपर्यंत पोचणाऱ्या प्रत्येक आकड्यात ती आधीच मिसळलेली असते. सुखात्मे यांना ती सापडली, कारण त्यांनी लहान-मोठे तुकडे समोरासमोर ठेवून तपासले.

एवढे सगळे सांभाळले, आकडे नीट आले, पद्धतही शोभेशी निवडली, तरी एक गोष्ट उरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास मला पुन्हा पुन्हा वाचावासा वाटतो. रफाएल झिल्बरत्सान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २९ संशोधक-गटांना एकच माहिती दिली: इंग्लंड, जर्मनी, फ्रान्स आणि स्पेनमधल्या अव्वल फुटबॉल लीगच्या २,०५३ खेळाडूंची, कोणत्या पंचाने कोणाला किती लाल कार्डे दाखवली त्याची. प्रश्नही एकच: गडद वर्णाच्या खेळाडूंना पंच जास्त लाल कार्डे दाखवतात का? वीस गटांना ठोस फरक आढळला, नऊ गटांना आढळला नाही. कोणी लबाडी केलेली नव्हती. खेळाडू बचावफळीतला आहे की आघाडीचा, हे हिशेबात धरायचे का? तो कोणत्या लीगमध्ये खेळतो हे धरायचे का? एकाच पंचाच्या सगळ्या सामन्यांना एकत्र बांधायचे की सुटे मोजायचे? प्रत्येक वळणावर दोन-तीन समंजस वाटा होत्या, आणि कोणती बाब हिशेबात धरायची याच्याच एकवीस वेगवेगळ्या जुळण्या त्या २९ गटांत निघाल्या.

एकट्या विद्यार्थ्यासमोरही एवढीच वळणे असतात. फरक इतकाच, की तो एकटा असतो आणि त्याला निकाल दिसत असतो. एका वाटेने काही हाती लागले नाही तर दुसरी धरायचा मोह सरळ माणसालाही होतो. गणित या मोहाची किंमत सांगते: ज्यात खरे काहीच नाही अशा वीस स्वतंत्र तुलना केल्या आणि प्रत्येकीला विसात एकदाचा निकष लावला, तर त्यांतली निदान एक तरी ‘सिद्ध’ होण्याची शक्यता ६४ टक्के आहे. तीस प्रश्नांची प्रश्नावली लिंग, वय, शिक्षण, उत्पन्न अशी चारही अंगांनी कापली तर एकशे वीस तुलना होतात. त्यांत काहीतरी सापडणारच. म्हणून मुख्य प्रश्न कोणता, मुख्य तुलना कोणती, कोणाला का वगळणार, हे माहिती गोळा करायच्या आधी कागदावर तारखेनिशी लिहून गाईडची सही घ्यावी असे मी आग्रहाने सांगेन. नंतर सुचलेले काही तपासायला बंदी नाही. प्रबंधात मात्र ते नंतर सुचले असे लिहावे.

आणि तो कागद पुरा व्हायच्या आत एक गोष्ट जरूर करून पाहावी. शेतात, शाळेत किंवा वस्तीत जाण्याआधी एक्सेलचा तक्ता रकान्यांसह तयार करायचा आणि त्यात मनाचे आकडे भरायचे. साधे ‘रँड’ हे सूत्र ते भरून देते. मग त्या बनावट आकड्यांवर शेवटपर्यंत सगळे विश्लेषण करायचे: आलेख काढायचे, टेस्ट लावायची, निकालाचा तक्ता मांडायचा, आणि काम होताच तो आकड्यांचा पसारा पुसून टाकायचा. सईचे दोन पेपर एकत्र आणणारा क्रमांकाचा रकाना तिथे आहे की नाही, हे जोड्या लावायला बसताच कळते. पन्नास रोपांच्या ओळींपुढे वाफ्याचा क्रमांक लिहायला जागा ठेवली आहे का, तेही कळते. एखाद्या प्रश्नाचे उत्तर तक्त्यात कुठेच बसत नाही असे दिसते, आणि तो प्रश्न प्रश्नावलीतून काढायला किंवा नव्याने लिहायला अजून वेळ असतो, कारण झेरॉक्स काढायच्या बाकी असतात.